रक्ताचा एक आकडा, लघवीचा एक

आत्याचं रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ, १.१ आलं आणि त्याच आठवड्यात भाच्याचंही १.१. आत्या सत्तरीची, भाचा पंचविशीतला. आमच्या घरात कुणीही तपासणी केली की रिपोर्ट आधी माझ्या फोनवर येतो, डॉक्टरांकडे नंतर जातो. मी डॉक्टर नाही. दादाच्या आजारपणात हे आकडे वाचायला शिकले आणि ती सवय काही सुटली नाही. दोन्ही रिपोर्टांत १.१ हा आकडा छापलेल्या मर्यादेच्या आतच होता. ठळक केलेला नव्हता, शेजारी बाण नव्हता. आत्याने फोनवर विचारलं, "सगळं ठीक आहे ना गं?" मी म्हणाले, "आत्या, जरा नीट बघते आणि सांगते."

क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज काढायचं एक सूत्र आहे, सीकेडी-ईपीआय नावाचं. त्याची सुधारित आवृत्ती २०२१ साली आली. त्यात वय, लिंग आणि क्रिएटिनिन घातलं की ईजीएफआर मिळतो, म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं मिळून दर मिनिटाला साधारण किती मिलिलिटर गाळतात तो वेग. भाच्याचा आला ९५. आत्याचा ५४.

क्रिएटिनिन तेच, पण एकाची मूत्रपिंडं उत्तम चाललेली आणि दुसरीची ६० च्या खाली घसरलेली. ६० ही रेघ महत्त्वाची आहे. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ तिच्याखाली राहिला, किंवा तेवढाच काळ मूत्रपिंडाला इजा झाल्याची दुसरी कुठली खूण दिसत राहिली, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. आत्याच्या रिपोर्टवर ईजीएफआर छापलेलाच नव्हता. नुसतं क्रिएटिनिन होतं, आणि त्यावर विसंबून आत्या निश्चिंत राहिली असती.

असं का होतं, हे कळायला मला बराच वेळ लागला होता. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं, रोज जवळपास सारख्याच प्रमाणात, आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. भाच्याचे स्नायू कमावलेले, त्यामुळे त्याच्या शरीरात ते मुळातच जास्त तयार होतं. आत्या किडकिडीत. तिच्या शरीरात ते कमीच तयार होतं, म्हणून मूत्रपिंडं मागे पडली तरी रक्तातला आकडा फारसा चढत नाही. शिवाय हा आकडा सरळ रेषेत वाढतही नाही. एखाद्याचं ०.६ असलेलं क्रिएटिनिन काही वर्षांत १.२ झालं तर गाळण्याची क्षमता साधारण निम्मी झालेली असते. पण पुष्कळ प्रयोगशाळांच्या हिशेबात ०.६ ही मर्यादेत आणि १.२ ही मर्यादेत. जुना रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ही घसरण दिसतच नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, रिपोर्ट टाकून देऊ नका.

दादाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्याला बरीच वर्षं मधुमेह. स्वतःच्या आजाराकडे इतकं लक्ष देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. साखरेची वही, तारीखवार नोंदी, तीन महिन्यांची सरासरी, गोळ्यांच्या वेळा, सगळं चोख. एके संध्याकाळी त्याने बूट काढले, मोजे काढले आणि मोज्याच्या काठाचा वळ घोट्यावर इतका खोल उमटलेला दिसला की वहिनीने बोट लावून पाहिलं. बोट काढल्यावर तिथला खळगा तसाच राहिला. तपासणीत ईजीएफआर २२ निघाला. नेफ्रॉलॉजिस्टांनी, म्हणजे मूत्रपिंडांच्या डॉक्टरांनी, जुनी फाइल चाळली आणि विचारलं, "लघवीतलं अल्ब्युमिन कधी बघितलंय का?" अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, गाळणीला धक्का लागला की ते लघवीत उतरतं. फाइलमध्ये साखरेचे रिपोर्ट गठ्ठ्याने होते. ती एक तपासणी नव्हती. कुणी सांगितली नव्हती, आणि दादाला काही त्रास नव्हता म्हणून त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

त्रास नव्हता, हेच या आजाराचं खरं अवघड जागेचं दुखणं. आपण डॉक्टरांकडे जातो ते काहीतरी दुखतं म्हणून, ताप येतो म्हणून, दम लागतो म्हणून. मूत्रपिंडाच्या आत गाळणी एकेक करून निकामी होत असतात तेव्हा यातलं काहीच होत नाही. एका मूत्रपिंडात सरासरी १० लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता, तिथे रक्त गाळलं जातं. दिवसभरात दोन्ही मूत्रपिंडं मिळून १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात, आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेऊन लीटर-दीड लीटरच लघवी बाहेर टाकतात. निसर्गाने इथे इतकी शिल्लक ठेवली आहे की एक मूत्रपिंड दान करून माणूस पुढे धडधाकट जगू शकतो. तीच शिल्लक आजारात आड येते. काही नेफ्रॉन गेले की उरलेले त्यांचं काम अंगावर घेतात. त्यांच्यावर दाब वाढतो, त्या दाबाने तेही हळूहळू चट्टे पडून बंद होतात, आणि मग आणखी थोड्यांवर आणखी भार येतो. मूळ कारण थांबलं तरी हे चक्र बऱ्याचदा आपलं आपण फिरत राहतं. भूक मरणं, मळमळ, अंगाला खाज, दम, सूज हे सगळं फार उशिरा येतं. रक्त कमी होऊन येणारा थकवा थोडा आधी येतो, पण थकवा कुणाला नसतो? वयाचा, कामाचा, झोपेचा म्हणून तो सोडून दिला जातो.

रक्ताचा आकडा उशिरा हलतो, पण लघवी खूप आधी सांगते. हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे याचं मला नवल वाटतं. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी लिहून ठेवलंय की लघवीवर बुडबुडे टिकून राहिले तर आजार मूत्रपिंडाचा आहे आणि तो लांबणार आहे, असं समजावं. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली सूज, लघवीतून जाणारं प्रथिन आणि शवविच्छेदनात दिसणारी बिघडलेली मूत्रपिंडं यांची सांगड घातली. त्यांची तपासणीची रीत अगदी साधी होती. चमचाभर लघवी घ्यायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायची. प्रथिन असेल तर ती तापून गढूळ होते, पांढरट साका धरते. नंतर कितीतरी वर्षं या आजाराला ब्राइट यांचंच नाव होतं.

मेणबत्तीला दिसायचं ते मात्र भरपूर गळती झाल्यावर. थोडं अल्ब्युमिन जात असेल तर चमचा स्वच्छच राहायचा. त्याच गाइज हॉस्पिटलमधले हॅरी कीन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली लघवीतलं अगदी सूक्ष्म अल्ब्युमिन मोजायची पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढे १९८० च्या दशकात दिसून आलं की मधुमेहात हे सूक्ष्म गळणंच पुढच्या मोठ्या बिघाडाची आगाऊ सूचना देतं. आज जी तपासणी आपण करतो ती याच वाटेवरची. नाव लांबलचक आहे, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. प्रयोगशाळेत सगळे एसीआर म्हणतात. चोवीस तासांची लघवी जमवायला लागत नाही. सकाळची पहिली लघवी, छोट्या डबीत, बस. क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढतात कारण पाणी जास्त प्यायलं की लघवी पातळ होते आणि नुसतं अल्ब्युमिन मोजलं तर आकडा फसवतो. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर काळजी नाही. ३० ते ३०० म्हणजे गाळणीला धक्का लागलाय. ३०० च्या वर म्हणजे चांगलीच गळती. नेहमीच्या लघवी तपासणीतली रंग बदलणारी पट्टी ३० च्या आसपासची गळती पुष्कळदा पकडत नाही, त्यामुळे "लघवी तपासली, प्रोटीन निल आहे" एवढ्यावर मधुमेह असलेल्या माणसाने समाधान मानू नये असं मला अगदी कळकळीने वाटतं.

एकदा आकडा जास्त आला म्हणून लगेच हादरायचंही नाही. ताप, लघवीचा संसर्ग, नुकताच केलेला जोरदार व्यायाम, पाळीचे दिवस, खूप वाढलेली साखर किंवा रक्तदाब, यांतल्या कशानेही अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. म्हणून तपासणी पुन्हा करतात आणि तीनपैकी दोनदा वाढलेलं निघालं तरच ते खरं धरतात. तीन महिन्यांची अट त्यासाठीच आहे. जुलाब-उलट्यांनी शरीर सुकलेलं असताना क्रिएटिनिनही चढतं आणि उतरतं. घाईने कुणाच्या माथी आयुष्यभराच्या आजाराचा शिक्का मारू नये, हे त्या अटीमागचं शहाणपण मला आवडतं.

रक्ताचा एक आकडा आणि लघवीचा एक, दोन्ही एकत्र वाचायचे असतात. माझ्या मते सर्वसामान्य माणसाला या आजाराबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर ही सांगावी. पूर्वी आजाराच्या पायऱ्या फक्त ईजीएफआरवर ठरायच्या. २००२ मध्ये पाच पायऱ्या आल्या, आणि केडिगो या मूत्रपिंडविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्याला अल्ब्युमिनच्या तीन श्रेणी जोडल्या. आता तक्ता आडवा-उभा दोन्हीकडून बघायचा. त्यातून एक गोष्ट अशी निघते की ऐकणाऱ्याचा चटकन विश्वास बसत नाही. ज्याचा ईजीएफआर ९५ आहे पण एसीआर ४०० आहे त्याचा धोका, ज्याचा ईजीएफआर ५५ आणि एसीआर ५ आहे त्याच्यापेक्षा जास्त धरला जातो. रक्तावरून तर पहिला माणूस ठणठणीत वाटेल. आणि हा धोका फक्त मूत्रपिंडाचा नसतो. या आजाराच्या पुष्कळ लोकांना डायलिसिसची वेळ येण्याआधी हृदयविकारच गाठतो.

मग तपासणी कुणी करायची? मधुमेह असलेल्या प्रत्येकाने. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान झालं त्याच वर्षापासून, कारण साखर कळायच्या आधीच ती कित्येक दिवस वाढलेली असते, आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहात पाच वर्षांनंतर. पुढे दर वर्षी. रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने. हृदयविकार असेल त्याने. घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल, विशेषतः पाणी भरलेल्या गाठींचा पॉलिसिस्टिक विकार असेल, तर रक्ताच्या नात्यातल्यांनी. वारंवार खडे होणाऱ्यांनी, प्रोस्टेटमुळे लघवी अडणाऱ्यांनी, वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी. दोन गट मात्र हमखास निसटतात. एक, ज्यांना कधीतरी मोठ्या आजारात मूत्रपिंडाचा तीव्र बिघाड होऊन गेला आणि नंतर "बरं झालं" म्हणून फाइल बंद झाली. दुसरा, गरोदरपणात रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बायका. बाळंतपण पार पडलं की सगळं घर बाळाकडे बघतं. त्या बाईच्या मूत्रपिंडांकडे आणि रक्तदाबाकडे पुढे कुणी बघत नाही. मैत्रिणींपैकी कुणाला हे झालं होतं असं कळलं की मी त्यांना पहिल्यांदा हेच विचारते.

सरसकट सगळ्यांचीच तपासणी करावी का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१२ साली म्हटलं होतं की कुठलाच त्रास नसलेल्या प्रौढांची सरसकट तपासणी करावी की नाही हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. जपानमध्ये मात्र १९७० च्या दशकापासून शाळेतल्या मुलांची लघवी दर वर्षी तपासतात. मला स्वतःला वाटतं, आधी ज्यांना धोका आहे असं आपल्याला पक्कं ठाऊक आहे त्या सगळ्यांपर्यंत तरी पोचावं. तेही अजून झालेलं नाही. जगात ८५ कोटींच्या आसपास लोकांना मूत्रपिंडाचा कुठला ना कुठला विकार आहे असा अंदाज आहे, आणि अमेरिकेसारख्या देशातसुद्धा दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्या १० पैकी ९ जणांना तो असल्याची कल्पनाच नसते. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मूत्रपिंडांच्या आरोग्यावर ठराव केला तेव्हा मला बरं वाटलं. इतकी वर्षं हा आजार मधुमेह आणि रक्तदाबाच्या सावलीत राहिला होता.

लोक मला विचारतात, कळून तरी काय उपयोग? गेलेली मूत्रपिंडं परत थोडीच येतात! हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही, कारण विचारणाऱ्याच्या मनात भीती असते. गेलेले नेफ्रॉन परत येत नाहीत, हे खरंच आहे. पण उरलेले टिकवता येतात, आणि याबाबतीत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत परिस्थिती पार बदलली आहे. १९९३ साली कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या गोळीच्या अभ्यासात दिसलं की पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मूत्रपिंडाचा बिघाड असलेल्यांचं क्रिएटिनिन दुप्पट होण्याचा धोका जवळपास निम्म्याने कमी झाला. २००१ मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टन या रक्तदाबाच्याच गोळ्यांनी दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात घसरण लांबवली. मग बराच काळ नवं काही आलं नाही. आणि २०१९ पासून एकामागून एक: कॅनाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, फिनरेनोन, २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड. यातल्या डापाग्लिफ्लोझिनचा आणि एम्पाग्लिफ्लोझिनचा उपयोग तर मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडविकारातही दिसला. ही औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकी जास्त मूत्रपिंडं वाचवायला हाती असतात. कुणाला कुठलं चालेल हे डॉक्टरच ठरवणार. पण देण्यासारखं काही आहे, हे तरी रुग्णाला माहीत असावं.

इथे एक बारीकशी गोष्ट सांगून ठेवते, कारण तिच्यापायी औषध सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. यातल्या काही गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वर जातं. गाळण्यांवरचा दाब गोळीने उतरवला म्हणून तसं होतं, आणि ३० टक्क्यांपर्यंतची वाढ साधारणपणे चालवून घेतात. घरी रिपोर्ट बघणारा घाबरतो, "या गोळीनेच किडनी खराब केली" म्हणतो आणि गोळी बंद होते. असं झालं तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन करावा, एवढंच माझं सांगणं.

आत्याच्या आकड्यांचं पुढे काय झालं? एसीआर ८ आला. म्हणजे गळती नाही. डॉक्टरांनी सिस्टॅटिन सी नावाची आणखी एक रक्ततपासणी सांगितली, जी क्रिएटिनिनइतकी स्नायूंवर अवलंबून नसते. तिच्यावरूनही आकडा पन्नाशीतच निघाला, तीन महिन्यांनी पुन्हा तसाच. चाळिशीनंतर गाळण्याचा वेग वर्षाला साधारण एकेक अंकाने उतरतच असतो, तेव्हा सत्तरीत गळती नसलेला ५४ म्हणजे संकट नव्हे, आणि या वयाच्या माणसाला उगाच रुग्ण करू नये असं म्हणणारेही डॉक्टर आहेत. मला त्यांचं म्हणणं पटतं. तरीही तपासणी वाया गेली असं मी म्हणणार नाही. आत्या गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक घेत होती, ते त्या दिवशी बंद झालं. कुठलंही नवं औषध लिहून घेताना ती आता स्वतःहून सांगते, "माझा ईजीएफआर चोपन्न आहे हं," आणि डॉक्टर डोस बघून लिहितात.

दादाला २२ वर कळलं. उशिरा कळलं, पण त्यानंतरची घसरण मंदावली आहे, आणि डायलिसिस की प्रत्यारोपण याचा विचार अतिदक्षता विभागाच्या दारात उभं राहून करायची वेळ आमच्यावर आली नाही. मूत्रपिंड देता येईल का हे बघायला वहिनीच्या तपासण्या सध्या चालू आहेत. आम्हा भावंडांपैकी मी आणि ताई दर वर्षी दोन्ही आकडे बघतो. धाकट्याला साखर आहे, रक्तदाब आहे, आणि तो अजून लघवी द्यायला तयार नाही. "मला काही होत नाहीये गं," म्हणतो. दादाही बूट काढीपर्यंत हेच म्हणत होता, हे मी त्याला सांगून झालंय, ताईने सांगून झालंय. या रविवारी दादाच त्याच्याकडे जाणार आहे, डबी घेऊन.